राजाची शिदोरी की बायकांचे वाळवण? राइस पेपरची गोष्ट

१/
राइस पेपर रोल घरी कसे करावेत हे दाखवणाऱ्या चित्रफितींना हल्ली एक ऐतिहासिक शेपूट जोडलेले असते. १७८९ साली व्हिएतनामच्या क्वांग त्रुंग सम्राटाने चिनी फौजेवर चाल केली. वाटेत चूल पेटवायला सवड नव्हती. म्हणून त्याने तांदळाच्या पातळ, कोरड्या चकत्यांची शिदोरी शोधून काढली आणि तीच पुढे जगभर पोहोचली. कथा सुटसुटीत आहे, वीरश्रीने भरलेली आहे, आणि पुराव्याच्या कसोटीवर टिकणारी नाही. हा धागा त्या कथेविषयी आणि तिच्या आड गेलेल्या माणसांविषयी आहे.

२/
प्रथम जे निश्चित आहे ते. ताय सोन बंडातून पुढे आलेला सेनानी न्गुयेन ह्वे याने २२ डिसेंबर १७८८ रोजी फू श्वान येथे, म्हणजे आजच्या ह्वे शहराच्या परिसरात, स्वतःस सम्राट घोषित केले आणि क्वांग त्रुंग हे नाव धारण केले. छिंग दरबाराची फौज तेव्हा थांग लाँगमध्ये, म्हणजे आजच्या हनोईत, तळ देऊन होती. तो तत्काळ उत्तरेकडे निघाला आणि चांद्र नववर्षाच्या पाचव्या दिवशी, ३० जानेवारी १७८९ रोजी, न्गोक होई व दोंग दा येथे त्याने ती फौज उधळून लावली. (त्याच हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात महादजी शिंद्यांचे सैन्य गुलाम कादिराच्या मागावर होते. काळाचा अंदाज यावा म्हणून एवढे सांगितले.) ही मोहीम व्हिएतनामच्या इतिहासातील अत्यंत तेजस्वी प्रकरण आहे, याविषयी वाद नाही. वाद शिदोरीविषयी आहे.

३/
कथा खरी मानून चालू. परंपरेने या सैन्याचा आकडा लाखाच्या घरात सांगितला जातो. प्रत्येक शिपायाने दिवसाला दहा चकत्या खाल्ल्या, तर रोज दहा लाख चकत्या लागतील. एका चुलीवर अर्ध्या मिनिटाला एक चकती उतरली आणि आठ तास हात थांबला नाही, तरी दिवसाकाठी ९६० होतात. म्हणजे केवळ एका दिवसाच्या खुराकासाठी हजाराहून अधिक चुली आणि तितकेच निष्णात हात हवेत. राज्याभिषेक आणि विजय यांत चाळीस दिवसही नाहीत. शिवाय चकती वाळायला ऊन लागते. आणि उत्तर व्हिएतनामचा तो मोसम ढगाळ हवेचा व झिमझिम पावसाचा असतो.

तेव्हा सैन्याबरोबर चकत्या गेल्या असतील, तर त्या आधीपासून गावोगावी होत असल्या पाहिजेत. करणारे हात, विणलेल्या तट्ट्या, वाळवण्याचे ज्ञान, साठवण्याची रीत, सारे तयार असले पाहिजे. सम्राटाने फार तर खरेदी केली असेल. कथा खरी ठरवू जावे, तर तीच सम्राटाला शोधकर्त्याच्या आसनावरून खाली उतरवते.

४/
आणखी एक गंमत. बान्ह तेत, म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडलेला चिकट तांदळाचा लांबट उंडा, हाही याच सम्राटाने याच स्वारीत शोधला अशी दुसरी दंतकथा प्रचलित आहे. चाळीस दिवसांत एक राज्याभिषेक, सैन्यभरती, एक निर्णायक युद्ध आणि दोन राष्ट्रीय पदार्थ! एकाच मोहिमेच्या खात्यावर इतक्या गोष्टी जमा होऊ लागल्या की अभ्यासकाने जमाखर्च तपासायला घ्यावा.

५/
राइस पेपरला व्हिएतनामी भाषेत बान्ह त्रांग म्हणतात. त्रांग या क्रियापदात पातळ थर पसरण्याचा अर्थ आहे. नाव कृतीवरून पडले आहे, कोणा व्यक्तीवरून नाही. कृती अशी: तांदूळ भिजवून पाण्यासह गंधासारखे वाटायचे, चवीपुरते मीठ घालायचे. रुंद तोंडाच्या भांड्यात आधण ठेवून त्याच्या तोंडावर फडके ताणून बांधायचे. पळीभर पीठ त्या फडक्यावर ओतून पळीच्याच पाठीने गोल फिरवत पसरायचे, क्षणभर झाकण ठेवायचे, आणि शिजलेला ओला पापुद्रा बांबूच्या चपट्या काठीवर अलगद उचलून विणलेल्या तट्टीवर टाकायचा. मग ऊन. दुकानातून आणलेली चकती उजेडासमोर धरली तर तिच्यावर चौकड्यांची नक्षी दिसते. ती वाळवणाच्या तट्टीची खूण आहे. आता कारखान्यातले यंत्रही बहुधा ती नक्षी राखते. कारण गिऱ्हाइकाला तिच्यावाचून चकती ओळखीची वाटत नाही.

बिन्ह दिन्ह, ताय निन्ह, कू ची या भागांतल्या ज्या गावांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला, तिथे पहाटे चुलीसमोर बसणारी बहुधा घरातली बाई असते. ताय निन्हमधील त्रांग बांग येथे तर चकती भाजून झाल्यावर रात्रीच्या दवात ठेवून मऊ करतात. पीठ किती सैल, वाफ किती, दव किती, हे ज्ञान कुठल्याही बखरीत नाही. ते मनगटात आहे.

६/
महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. तांदळाच्या फेण्या अशाच होतात: आंबवलेले पातळ पीठ पानावर किंवा ताटलीवर पसरायचे, वाफवायचे, सोलून काढायचे आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवायचे. आंध्रातल्या आत्रेयपुरम गावी उपड्या तापल्या मडक्यावर पिठाचा हात फिरवून कागदाहून पातळ पूतरेकुलू काढतात. फेणीचा शोध कोणत्या सरदाराने लावला, असे कोणी विचारत नाही. वाळवण हे घरातल्या बायकांचे काम म्हणून त्याला इतिहासच नाही असे गृहीत धरलेले असते. व्हिएतनामची चकती जगप्रसिद्ध झाली आणि मगच तिला वडील शोधण्याची निकड भासली.

या तिन्ही गोष्टी सारख्या आहेत म्हणून त्या एकमेकींपासून निघाल्या, असे मात्र कोणी लगेच लिहू नये. तांदूळ, वाफ आणि ऊन जिथे आहे तिथे माणसाला ही युक्ती स्वतंत्रपणेही सुचू शकते. साम्य हा पुरावा नव्हे. साम्य दिसले की शोध सुरू करायचा असतो.

७/
मराठी समाजमाध्यमांवर याच जातीची एक कथा दरवर्षी उगवते. सांबार हा पदार्थ संभाजी महाराजांच्या तंजावर-भेटीत जन्मला. आमसुले संपली म्हणून चिंच घातली. आणि महाराजांच्या नावावरून त्याचे नाव पडले. तंजावरचे शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते, एवढे खरे. पण त्या भेटीचा, त्या मुदपाकखान्याचा, त्या नामकरणाचा समकालीन कागद ही कथा सांगणारे कोणी पुढे ठेवत नाही. जो तरुण वाचक किल्ल्याच्या एखाद्या बुरुजाच्या तारखेसाठी मूळ पत्र मागतो, तोच ही कथा पुढे ढकलताना काहीच मागत नाही. अन्नाचा इतिहास म्हणजे जेवणानंतरच्या गप्पा, ही समजूत त्यामागे आहे.

८/
यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. व्हिएतनामने चीन, फ्रान्स, जपान, अमेरिका इतक्यांशी झुंज दिली. अशा देशाने आपल्या ताटातल्या पदार्थात एका विजयाची आठवण जपली तर बिघडले काय? लोककथा ही भावनेची नोंद असते. तिच्याकडून शिलालेखाची शिस्त कशाला मागायची?

लोककथा म्हणून सांगितली तर काहीच बिघडत नाही. बिघडते ते ‘इतिहास’ या शीर्षकाखाली साल-तारखेसह सांगितल्यावर. मग ती कथा श्रेय एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवते. गावोगावच्या कारागीर स्त्रिया त्यातून पुसल्या जातात. आणि गौरवकथेला न मानवणारी पानेही त्याबरोबर गळतात. १७८२ मध्ये याच ताय सोन सैन्याने सायगॉन परिसरातल्या चिनी वसाहतीत कत्तल केली. हजारो व्यापारी, कारागीर व त्यांची कुटुंबे मारली गेली. आज त्याच शहरात ताज्या रोलबरोबर जो दाट, तपकिरी सॉस देतात त्यात बहुधा होइसिन असतो, आणि होइसिन हा कँटनी स्वयंपाकघरातला. (होइसिनचा शब्दार्थ ‘सागरी मेवा’, आत मात्र मासळीचा लवलेश नाही, सोयाबीन आहे.) ज्यांची कत्तल झाली त्यांच्याच भाऊबंदांची चव त्या वाटीत आहे. सम्राटाच्या शिदोरीच्या कथेत ही वाटी बसत नाही.

९/
दुसरी भ्रामक कल्पना ‘हजारो वर्षांच्या’ परंपरेची. तिच्यासाठी दरबारी कागदांची गरज नाही, वाटीत डोकावले तरी पुरे. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची अमेरिका खंडाची. आशियात ती सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने पसरली. आणि चकतीतसुद्धा हल्ली निव्वळ तांदूळ क्वचितच असतो. ती ताणली जावी, फाटू नये, म्हणून कसाव्याचे, म्हणजे टॅपिओकाचे, पीठ मिसळतात. पाकिटावर घटकांची यादी वाचावी, टॅपिओका बहुधा सापडेल. कसावाही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच.

कसावा, शेंगदाणा, मिरची: हे त्रिकूट मराठी घरात एकादशीला भेटते. साबुदाण्याच्या खिचडीला जो ‘पारंपरिक उपवासाचा पदार्थ’ म्हणतो, त्याने राइस पेपर रोलच्या सॉसला परका म्हणू नये. आणि दोहोंपैकी कशालाही सनातन म्हणू नये. परंपरा खोटी नसते. तिचे सांगितलेले वय बहुधा खोटे असते.

१०/
लेखनाचेही तसेच. व्हिएतनामी भाषा आज ज्या रोमन लिपीत लिहिली जाते ती सतराव्या शतकातल्या जेझुइट मिशनऱ्यांच्या खटपटीतून घडली. त्यांतला अलेक्झांडर द ऱ्होड हा १६१९ साली लिस्बनहून निघून प्रथम गोव्यात उतरला, तिथे काही काळ राहिला आणि मग पूर्वेकडे गेला. त्याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. ज्या जहाजी वाटेने मिरची फिरली, तीच ही वाट. गोव्याचे बंदर या पदार्थाच्या गोष्टीत कुठेतरी कोपऱ्यात उभे आहे ते असे.

११/
आता जे खरोखर जुने आणि मुरलेले आहे त्याकडे: नुओक माम, मासळीचा अर्क. बारीक मासळी आणि मीठ, साधारण तीनास एक या प्रमाणात, मोठ्या लाकडी पिंपांत दाबून ठेवतात आणि वर्षभर हात लावत नाहीत. मीठ कुजण्याला अटकाव करते. मासळीच्या अंगचे पाचक रस तिचेच मांस विरघळवतात. तळाच्या तोटीतून तांबूस, पारदर्शक द्रव झरतो. फू क्वोक बेटाच्या नुओक मामला युरोपीय संघाने २०१२ साली भौगोलिक नामाचे संरक्षण दिले.

इथेही एक मोहक कथा दबा धरून बसलेली असते: रोमन लोकांचा गारुम नावाचा असाच अर्क व्यापारी मार्गाने आशियात आला आणि त्याचा नुओक माम झाला. गारुम होता, हे पक्के. तो मासळी आणि मीठ यांचाच होता, हेही पक्के. पण दोहोंना जोडणारी कडी दाखवल्यावाचून वंशावळ मांडणे म्हणजे दोन गावांत विहिरी आहेत म्हणून एका गावाने दुसऱ्याला पाणी शिकवले असे म्हणणे.

१२/
सर्वांत जड पान तांदळाचेच आहे, आणि खाद्य-चित्रफितींतून तेच वगळले जाते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात व वसंतात उत्तर व्हिएतनाममध्ये, तोंकिन प्रांतात, दुष्काळ पडला. वादळ-पुरांनी पीक गेले होते, हे एक कारण. पण फ्रेंच प्रशासन व जपानी सैन्य सक्तीने भात वसूल करत होते. भाताच्या जमिनीत ताग व तेलबिया लावायला भाग पाडले गेले होते. दोस्तराष्ट्रांच्या बाँबफेकीने दक्षिणेकडून येणारी वाहतूक तुटली होती. दक्षिणेत सायगॉनला वीजघरात इंधन म्हणून भात जाळला जात होता आणि उत्तरेत माणसे रस्त्यावर मरत होती. मृतांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. हो ची मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ च्या स्वातंत्र्यघोषणेत वीस लाखांचा आकडा उच्चारला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे वर्णन वाचलेल्याला यात काहीच अनोळखी वाटणार नाही: तेच युद्ध, तीच वसुली, तसाच भात.

पुढे १९७५ नंतरच्या रेशनच्या वर्षांत कित्येक घरांना भाताऐवजी कसाव्यावर पोट भरावे लागले. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर चित्र पालटले, आणि १९८९ मध्ये हाच देश दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात करू लागला. ज्या चकतीला आज ‘हलका, वजन घटवणारा आहार’ म्हणून विकतात, तिच्या देशात एक चकती जास्त मिळावी म्हणून माणसे तिष्ठत होती, आणि त्याला फार काळ लोटलेला नाही. पदार्थ पौष्टिक आहे, खुशाल खावा. पण ‘पूर्वेकडच्या लोकांना कमी खाण्याचे शहाणपण उपजतच’ असली वाक्ये लिहिणाऱ्याने आधी १९४५ सालाचे पान उघडावे.

१३/
‘समर रोल’ हे नावही तिथले नव्हे. दक्षिणेत त्याला गॉय कुओन म्हणतात, म्हणजे कोशिंबिरीची गुंडाळी. उत्तरेत नेम कुओन. तळलेला रोल निराळा, त्याची नावेही निराळी. ‘स्प्रिंग रोल’ हे चिनी वसंतोत्सवाच्या पदार्थाच्या नावाचे भाषांतर. त्याच्याशी तुक जुळवून परदेशातल्या उपाहारगृहांनी न तळलेल्याला ‘समर’ केले. १९७५ नंतर लाखो व्हिएतनामी निर्वासित होऊन अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात गेले. अनेकांनी उपाहारगृहे काढून पोट भरले. गिऱ्हाइकाला उच्चारता येईल असे नाव ठेवणे ही त्यांची गरज होती, तिला दोष देता येत नाही. त्या नावावरून उन्हाळी सणांच्या कथा रचणाऱ्यांना मात्र देता येतो.

१४/
या साऱ्याचा उत्तम पडताळा घरच्या ओट्यावर मिळतो. पसरट ताटात कोमट पाणी घ्यावे. चकती त्यात जेमतेम काही सेकंद बुडवून अजून ताठ असतानाच बाहेर काढावी. उरलेले काम तिच्या अंगावरचे पाणी करते. पाण्यातच मऊ होण्याची वाट पाहिली की ती चिकटते आणि फाटते. ओलसर ताटलीवर पसरून आपल्याकडच्या बाजूला लेट्यूसचे पान, पुदिना, कोथिंबीर आणि उकडून निथळलेल्या तांदळाच्या शेवया ठेवाव्यात (कोकणातल्या घरात शिरवाळ्यांचा सोऱ्या असेल तर विकतच्या शेवयांची गरज नाही). एक घट्ट वेढा द्यावा, दोन्ही कडा आत घ्याव्यात. आता उभ्या चिरलेल्या उकडलेल्या कोळंबीच्या फाकी, गुलाबी पाठ खाली करून, मांडाव्यात, लसणीच्या पातीची एक काडी बाहेर डोकावू द्यावी, आणि गुंडाळी पुरी करावी. कोळंबी शेवटी ठेवण्याचे कारण एवढेच की ती सर्वांत बाहेरच्या पदरातून दिसते. मूळ पद्धतीत उकडलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ कापही असतात; न खाणाऱ्याने तळलेले टोफू घ्यावे. रोल एकमेकांना टेकू देऊ नयेत, ओले फडके झाकावे, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने तांदळाचे सत्त्व कडक होते.

१५/
बरोबरच्या नुओक चामचे प्रमाण घरागणिक बदलते. सुरुवातीला एक भाग मासळीचा अर्क, एक भाग लिंबाचा रस, एक भाग साखर आणि चार भाग पाणी घ्यावे. साखर कोमट पाण्यात विरघळवून ते निवल्यावर लिंबू पिळावे, नाहीतर रस कडवटतो. अर्क त्यानंतर, आणि बारीक चिरलेली लसूण व लाल मिरची सर्वांत शेवटी, म्हणजे ती वर तरंगते. शेंगदाण्याचा सॉस हवा असेल तर तेलात लसूण परतून होइसिन, शेंगदाण्याचे वाटण आणि कोळंबी उकडलेले पाणी घालून एक उकळी आणावी, वर कूट भुरभुरावे.

पहिले तीन-चार रोल बिघडतील. कुठे पाणी जास्त झाले, कुठे वेढा सैल पडला, ते हातालाच कळेल. कोरडी चकती पाण्याचा एक शिंतोडा पडताच कशी चिकटू लागते, हेही त्याच वेळी दिसेल. मग रिमझिम पावसातून, चालत्या फौजेतून, दहा-दहा लाख चकत्या कोरड्या नेण्याचा बेत नव्याने डोळ्यांसमोर आणावा.

१६/
व्हिएतनामी घरांत बहुतेक वेळा कोणी कोणाला तयार रोल करून वाढत नाही. मधोमध पालेभाजीची परात, मांस-मासळी, शेवया, चकत्यांची चळत आणि सॉसची वाटी. ज्याने त्याने आपापला रोल वळायचा. ज्या चकत्या फाटतात त्या टाकून देत नाहीत. चकत्यांच्या कातरलेल्या पट्ट्या मिरची, चिंचेचे पाणी, कैरी आणि सुकी कोळंबी घालून कालवतात. सायगॉनच्या शाळांबाहेर तो पदार्थ पिशवीत भरून विकतात आणि पोरे काडीने खातात. त्याचे नाव बान्ह त्रांग त्रोन, म्हणजे कालवलेली चकती. त्याच्यावर अद्याप कोणत्याही सम्राटाने हक्क सांगितलेला नाही.